वणीच्या माळावरच्या बंदुका

वणी-दिंडोरीची लढाई म्हटली की डोळ्यांपुढे उभी राहते ती घोडदौड. सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणातून निघाले, मोगल सरदार दाऊदखान कुरेशी पाठीवर आला, खजिना पुढे काढून देऊन महाराज मागे वळले आणि त्यांनी मोगलांना झोडपले. बखरकार सभासदाने बख्तर घातलेला, हाती पट्टे चढवलेला, घोड्यावर बसलेला राजा रंगवला आहे आणि ते चित्र इतके ठसठशीत आहे की त्यापुढे दुसरे काही दिसतच नाही. त्या चित्रात बंदूक नाही. तरीही 17 ऑक्टोबर 1670 या दिवसाला आकार दिला तो बंदुकीनेच, असे माझे म्हणणे आहे. मराठ्यांचे यश मोजायचे असेल तर आधी मोगलांच्या गोळीची पोच मोजली पाहिजे.

यासाठी सर्वांत उपयोगी साक्षीदार मोगलांकडचा आहे. भीमसेन सक्सेना हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ, जन्म 1649 चा, म्हणजे लढाईच्या वेळी एकवीस वर्षांचा तरुण. तो दाऊदखानाच्या फौजेबरोबर होता. पुढे सारी हयात दख्खनच्या छावण्यांत काढल्यावर, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, त्याने आपल्या आठवणींचा फारसी ग्रंथ पुरा केला; तो ‘तारीख-ए-दिलकुशा’ या नावाने ओळखला जातो. दरबारात बसून लिहिलेल्या इतिहासात जे सापडत नाही ते त्यात आहे: कूच कशी झाली, कोण मागे राहिला, सामान कुठे अडकले. त्याच्या हकिकतीवरून दिसते ते असे. चांदवडजवळ रात्री हेरांनी खबर आणली की मराठ्यांची निम्मी फौज कांचन-मांचनच्या खिंडीतून पार होऊन नाशिककडे निघाली आहे आणि उरलेली निम्मी खिंड धरून आहे. दाऊदखान तसाच पुढे निघाला, पण रात्रीच्या कूचमध्ये माणसे विखुरली. सकाळी आघाडीवरच्या इखलासखान मियानाने एका टेकाडावरून पाहिले तर खाली मराठे लढाईच्या तयारीने उभे. त्याच्या लोकांची चिलखते उंटांवर लादलेली होती. ती उतरवून अंगात चढेपर्यंत थांबण्याचा धीर त्याला नव्हता. मूठभर माणसे घेऊन तो तुटून पडला आणि थोड्याच वेळात जखमी होऊन घोड्यावरून खाली आला.

समोर प्रतापराव गुजर, व्यंकोजी दत्तो, आनंदराव अशा नामांकितांच्या हाताखाली सुमारे 10,000 स्वार होते. दुपारी दाऊदखानाजवळ 2,000 माणसेही उरली नव्हती. एवढा फरक असताना, आघाडीचा सरदार पडलेला असताना, संग्रामखान घोरी आणि त्याचे भाऊबंद जखमी झालेले असताना ही फौज संपायला हवी होती. ती संपली नाही. तिला वाचवणाऱ्या म्हणून दोनच गोष्टी पुढे येतात: बुंदेल्यांच्या पायदळाच्या भरपूर बंदुका आणि दाऊदखानाचा तोफखाना. त्यांच्याच आडोशाने इखलासखानाला उचलून मागे आणता आले. मराठे मोगलांभोवती घिरट्या घालत लढत होते, दख्खनी बारगिरांच्या रीतीने. थेट अंगावर जाऊन रेटा देत नव्हते. ही घिरटी नुसती सवय नव्हती. तोड्याच्या बंदुकीपुढे घोडा उभा करायचा नाही, फिरता ठेवायचा, गोळीच्या टप्प्याबाहेर राहायचे आणि फट दिसली की शिरायचे, हा अनुभवाने शिकलेला हिशेब होता.

यावर पहिला आक्षेप हत्याराबद्दलचा. ती बंदूक म्हणजे आजच्या स्नायपरची रायफल नव्हे. नळी आतून गुळगुळीत, गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत. नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानात रंजक भरायची, जळती जामगी फुंकून निखारा लाल ठेवायचा आणि मग चाप ओढायचा. इतक्या खटाटोपात घोडेस्वार अंगावर येऊन कापून जाईल, असे कोणीही म्हणेल. त्याच काळात हिंदुस्थानात असलेल्या फ्रेंच प्रवासी बर्नियेने मोगल बंदूकवाल्यांची हेटाळणीच केली आहे: जमिनीवर उकिडवे बसतात, बंदूक लाकडी बेचक्यावर टेकतात आणि दाढी-पापण्या जळतील म्हणून घाबरतात. पण या वर्णनातली भीती बाजूला ठेवा आणि बसण्याची तऱ्हा पाहा. खाली बसायचे, लांब नळीचा भार बेचक्यावर सोडायचा, श्वास सावरायचा. नेम धरणाऱ्याची बैठक याहून वेगळी काय असते? नेमाची ही कदर मोगलांत जुनीच होती. 1568 मध्ये चितोडच्या तटावर फिरणाऱ्या जयमल राठोडाला अकबराने ‘संग्राम’ नावाच्या आपल्या बंदुकीने टिपल्याचे अबुल फझलने लिहिले आहे. एकेकटी बंदूक मंद खरी, पण शेजारी शेजारी बसलेल्या पन्नास जणांनी आळीपाळीने बार काढले की तो मंदपणा घोडेस्वाराच्या कामाचा राहत नाही.

दुसरा आक्षेप साक्षीदारावरच आहे आणि तो जास्त वजनाचा. भीमसेनचा बाप औरंगाबादेस तोफखान्याच्या खात्यात मुश्रीफ (हिशेबनीस) होता, म्हणजे दारूगोळ्याच्या हिशेबाची हवा घरातच होती. शिवाय पुढे भीमसेनने अनेक वर्षे चाकरी केली ती दतियाच्या दलपतराव बुंदेल्याची. तोफखान्याच्या मुश्रीफाचा मुलगा आणि बुंदेल्याचा चाकर बुंदेल्यांच्या बंदुकांचे गोडवे गाणारच, असे म्हणता येईल. मलाही हा संशय रास्त वाटतो. पण पक्षपाती माणूस आपल्या लोकांची नामुष्की लपवतो, आणि तोफखान्याचीच नामुष्की या हकिकतीत नोंदलेली आहे. दारोगा मीर अब्दुल माबूद जमिनीच्या उंचवट्यामुळे मुख्य फौजेपासून तुटला होता. मराठ्यांनी त्याला तिथेच गाठले. तो आणि त्याचा एक मुलगा जखमी झाले, दुसरा मुलगा मारला गेला, निशाणे आणि घोडे मराठ्यांनी नेले. सातमाळेच्या दक्षिणेचा तो मुलूख नाले, टेकाडे आणि खोलगट भागांनी चिरलेला आहे. बंदुका एकत्र आणि समोर मोकळी जमीन होती तिथे मराठे अडले. उंचवट्याने त्या वेगळ्या पाडल्या तिथे तोफखान्याचा दारोगाही सुटला नाही. एकाच साक्षीत दोन्ही बाजू येतात म्हणून ती मला विश्वसनीय वाटते.

सभासद मात्र निर्विवाद मोड सांगतो: दोन प्रहर युद्ध, तीन हजार मोगल ठार, तीन-चार हजार घोडे हाती, दोन वजीर सापडले. त्यानेही लढाईनंतर वीस-पंचवीस वर्षांनी, जिंजीला, राजारामांसाठी लिहिले, तीही आठवणच. त्याचा आकडा जसाच्या तसा घ्यायचा तर दाऊदखान संध्याकाळचा हल्ला परतवून रात्री रणावरच कसा राहिला, खंदक कसे खणले, मुडदे कसे पुरले, हे सांगता येत नाही. उलट ही मोगलांची जीत होती असे म्हणायचे तर मराठे विनाअडथळा कोकणात कसे उतरले आणि दाऊदखान मोडकी फौज घेऊन नाशिकला महिनाभर का बसून राहिला, याचे उत्तर नाही. मोगलांच्याच चौकशीत सुरतेची लूट 66 लाखांची ठरली होती, आणि ती सुखरूप पोचली. महाराजांना दाऊदखानाचा निःपात करायचा नव्हता, त्याला दिवसभर गुंतवून ठेवायचे होते. त्यासाठी गोळ्यांच्या तोंडी माणसे देण्याची गरज नव्हती आणि त्यांनी ती दिली नाहीत. मराठ्यांना बंदुकीचे वावडे होते असेही नाही. मावळ्यांच्या बरोबरीचे हेटकरी नेमबाजीसाठीच नावाजलेले होते. पण वणीला मागे वळली ती स्वारांची फौज, आणि स्वारांनी स्वारांचेच काम केले.

म्हणून या लढाईत बंदुकीला तिचे माप दिल्याने मराठ्यांचे यश उणे होते, हे मला मान्य नाही. बेसावध शत्रूला कापण्यापेक्षा, नेम धरून बसलेल्या पायदळाशी दिवसभर अंतर राखून खेळणे अवघड आहे. ते अंतर नेमके कोठे तोडायचे, हे प्रतापरावाच्या स्वारांना पुढेही साधले. 1672 च्या आरंभी साल्हेरच्या पायथ्याशी मोगलांचा पुरता मोड झाला तेव्हा जखमी होऊन पकडल्या गेलेल्या सरदारांत इखलासखान मियाना होता, ज्याला वणीला तोफ-बंदुकांच्या आडोशाने उचलून नेले होते तोच.