विधिसंघर्षग्रस्त बालकांचे वर्गीकरण

निरीक्षणगृहात दाखल झालेल्या बालकाला कोणत्या गटात ठेवावे, याच्या कसोट्या बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये दिल्या आहेत : वय, लिंग, शारीरिक-मानसिक स्थिती आणि अपराधाची तीव्रता. जात ही त्यातील कसोटी नाही. घर, शाळा व संगत यांची चौकशी करून परिविक्षा अधिकारी दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळाला सादर करतो.

सातारा-सांगली भागात या तरतुदीला विशेष महत्त्व आहे. येथील रामोशी, पारधी, कैकाडी आदी समाजांवर ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. १८७१ चा हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय मात्र उरला. तुरुंगांतील जातीआधारित वर्गवारी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली ती ३ ऑक्टोबर २०२४ रोजी.

परिविक्षा अधिकारी याच समाजातील असल्यास पालावरची बोली आणि शाळा सुटण्याची कारणे त्याला लवकर उमगतात. कसोट्या मात्र त्यालाही त्याच लागू असतात. बालकाबाबत दोषारोपाचे शब्द वापरू नयेत, हे कायद्याच्या कलम ३ मधील तत्त्व आहे. अहवालात ‘सराईत’ हा शब्द जमातीकडे पाहून उमटला, तर रद्द झालेला शिक्काच त्या मुलावर पुन्हा बसतो.