मोटारीच्या हेडलाइटमधील बाष्प : पाणी वाळवण्याआधी त्याची वाट शोधा

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की गोव्यातील गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास येते : हेडलाइटला आतून वाफ धरली आहे. बाहेरून काच कितीही पुसली तरी ती जात नाही आणि रात्री दिवा लावला की प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी काचेवरच विखुरतो. चोर्ला किंवा अनमोडच्या घाटात पाऊस आणि धुके एकत्र असताना अशा दिव्यांवर विसंबून गाडी चालवणे किती जोखमीचे असते, हे त्या वाटेने जाणाऱ्यास सांगावयास नको. विखुरलेला प्रकाश समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवरही येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार वाहनाच्या दिव्यांनी पुढे १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. पाणी साचलेल्या दिव्याकडून ही अपेक्षा पुरी होणे कठीण.

या दोषावर केले जाणारे बहुतेक उपाय फसतात, कारण ते आतल्या पाण्यावर केलेले असतात, पाणी येण्याच्या वाटेवर नव्हे. आतले पाणी वाळवणे सोपे आहे. ते कोठून आले हे शोधणे हे खरे काम होय.

दिवा हवाबंद नसतो

हेडलाइट पूर्णपणे हवाबंद असावा, असा अनेकांचा समज असतो. जुन्या काळी तो बऱ्याच अंशी खरा होता. अमेरिकेत १९४० च्या सुमारास आलेल्या ‘सील्ड बीम’ दिव्यांत तंतू, परावर्तक आणि काच यांचा एकच बंद घटक असे आणि तंतू तुटला की संपूर्ण घटक बदलावा लागे. तेथे बदलता येणाऱ्या बल्बच्या दिव्यांना १९८३ मध्ये परवानगी मिळाली. आजच्या दिव्यात पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची पुढची ‘काच’, मागचे प्लास्टिकचे घर, या दोहोंमधील चिकट सीलचा पट्टा, बल्बमागचे रबरी झाकण आणि हवा खेळती ठेवणारी लहान श्वासछिद्रे असे वेगवेगळे भाग असतात.

ही छिद्रे हेतुपुरस्सर ठेवलेली असतात. दिवा पेटला की आतली हवा तापून प्रसरण पावते व बाहेर पडते. विझला की ती आकुंचते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. छिद्रांवर बहुधा वाकडी रबरी नळी, फोमचा तुकडा किंवा हवा जाऊ देणारे पण पाणी अडवणारे पातळ पटल असते. तापलेल्या दिव्यावर अचानक पावसाचा झोत आला किंवा गाडी पाण्याच्या डबक्यातून गेली, तर आतली हवा झपाट्याने थंड होऊन आतील दाब घटतो. अशा वेळी सीलला केसाएवढी फट असली, तरी तीवर साचलेले पाणी आत खेचले जाते.

केवळ दमट हवा आत गेली तरी दव धरू शकते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, तर २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. पावसाने गार झालेली पुढची काच हा दिव्याचा सर्वांत थंड भाग असल्याने जादा बाष्प तिच्यावरच उतरते. हॅलोजन बल्बची उष्णता काचेपर्यंत पोचून हे दव लवकर उडवते. एलईडीची उष्णता मुख्यतः मागच्या बाजूस जाते, म्हणून अशा दिव्यांत धुरकटपणा अधिक वेळ टिकतो.

दोष आहे की नाही?

पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर काचेच्या कडेला पातळ धूसर थर दिसला आणि दिवे लावून गाडी चालवल्यावर तो निघून गेला, तर दुरुस्तीची गरज नाही. तो दिव्याच्या नेहमीच्या हवापालटाचा परिणाम असतो. मात्र पुढीलपैकी एखादे लक्षण दिसले, तर पाणी आत येत आहे असे समजावे : काचेवर ओघळणारे थेंब, तळाशी साचलेले पाणी, दिवसभर कोरडे ऊन मिळूनही न जाणारी वाफ, किंवा दोन्ही दिव्यांपैकी एकाच दिव्यात वारंवार होणारा त्रास. या शेवटच्या लक्षणाला विशेष महत्त्व द्यावे. दोन्ही दिव्यांना हवामान सारखेच असते, त्यामुळे एकालाच त्रास होत असेल तर दोष त्या दिव्याचाच.

वाट कोठे शोधावी?

सर्वप्रथम बल्बमागचे झाकण पाहावे. बल्ब बदलताना ते तिरपे बसणे किंवा बसवायचेच राहून जाणे, हे नेहमी आढळणारे कारण आहे. मूळ हॅलोजनच्या जागी मागे पंखा असलेला एलईडी बल्ब बसवताना झाकण मावत नाही म्हणून ते कापले जाते, हेही पुष्कळदा घडते. रबर कडक झाले असेल किंवा त्यास चिरा गेल्या असतील, तर नवे घालावे.

त्यानंतर श्वासछिद्रे तपासावीत. तांबड्या मातीचा चिखल, कोळ्याचे जाळे वा पालापाचोळा यांनी ती बुजली, तर आत गेलेले बाष्प बाहेर पडू शकत नाही. मऊ ब्रशने ती साफ करावीत. आत टोकदार तार घालू नये, कारण पटल फाटल्यास पाण्याला मोकळी वाट मिळते.

शेवटी काच आणि घर यांचा जोड, तसेच दिवा गाडीला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या टांगा पाहाव्यात. बंपरला बसलेल्या किरकोळ धक्क्यानेही टांग तुटते आणि तिच्या मुळाशी बारीक चीर पडते. ती समोरून दिसत नाही, दिवा काढूनच पाहावी लागते. चीर नेमकी सापडत नसेल, तर काढलेल्या दिव्याची सर्व छिद्रे चिकटपट्टीने बंद करून, एका छिद्रातून नळीने तोंडाने हळूच हवा फुंकावी व जोडावर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतील, तेथे फट.

वाळवण्याची रीत

काम सुरू करण्यापूर्वी दिवे बंद करून बल्ब गार होऊ द्यावा आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. झेनॉन दिव्यांच्या जोडणीस घरी हात लावू नये, ते पेटताना २०,००० व्होल्टहून अधिक दाब निर्माण होतो. हॅलोजन बल्बच्या काचेस बोटे लावू नयेत. त्वचेचा तेलकटपणा काचेवर राहून तेथे ती अधिक तापते आणि बल्बचे आयुष्य घटते.

दिवा काढावा, बल्ब व झाकण वेगळे करावे आणि तोंड खाली करून साचलेले पाणी निथळू द्यावे. पावसाळ्यात नेहमी होणारी चूक म्हणजे दिवा पडवीत उघडा ठेवणे. बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असल्याने तेथे तो वाळत नाही. वातानुकूलित खोलीत एक-दोन दिवस ठेवावा, किंवा हेअर ड्रायरची कोमट हवा वीतभर अंतरावरून मागच्या छिद्रातून थांबून थांबून सोडावी. रंग काढण्याची हीट गन वापरू नये. तिच्या उष्णतेने प्लास्टिक वाकते आणि काचेवरील संरक्षक लेपाला बारीक तडे जातात. परावर्तकावरील चकाकणारा धातूचा मुलामा अतिशय नाजूक असतो. तो फडक्याने पुसल्यास निघून जातो, म्हणून त्यास स्पर्श करू नये.

आत सिलिका जेलच्या पुड्या टाकण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. वाळवताना काही तास ती उपयोगी पडते, पण पुडी कायम आत ठेवल्यास ती ओलाव्याने भरून निकामी होते आणि बल्बला टेकल्यास जळू शकते. काचेखाली छिद्र पाडून पाणी काढण्याचा उपायही टाळावा. त्याच छिद्रातून पाणी आणि धूळ परत आत येते, शिवाय वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

फट बुजवताना

बारीक फट असेल तर ती जागा स्पिरिटने स्वच्छ करून, पूर्ण कोरडी झाल्यावर, न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन भरावे व वेष्टनावर सांगितलेला वेळ सुकू द्यावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन वापरू नये. त्यातून सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाच्या वाफा मुलाम्यास व धातूच्या जोडांस गंज आणतात. ओल्या जोडावर लावलेले सिलिकॉन टिकत नाही. श्वासछिद्रे कधीही बुजवू नयेत : तसे केल्यास आत उरलेले बाष्प कोंडून राहते आणि दाबाचा सारा ताण जोडावर येतो.

जोडाचा पट्टाच ठिकठिकाणी सुटला असेल, तर काच उघडून नवे ब्युटाइल सील घालावे लागते. त्यासाठी दिवा ठरावीक उष्णतेत मऊ करावा लागत असल्याने हे काम जाणकार कारागिराकडे सोपवावे. परावर्तक काळवंडला असेल, एलईडीच्या सर्किटवर हिरवट गंज दिसत असेल किंवा काचेलाच तडा गेला असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालण्यापेक्षा दिवा बदलणे शहाणपणाचे ठरते. गाडी वॉरंटीत असल्यास मात्र स्वतः काहीही न उघडता, थेंबांची छायाचित्रे घेऊन ती विक्रेत्याकडे न्यावी.

दुरुस्तीनंतरची खात्री

दिवा बसवल्यावर तो दहा-पंधरा मिनिटे पेटता ठेवावा, मग विझवून त्यावर नळीचे साधे पाणी पाच मिनिटे वरून सोडावे. उच्च दाबाचा झोत मारू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी आत थेंब नसतील, तर वाट बंद झाली असे समजावे. दिवा काढून पुन्हा बसवल्याने प्रकाशाची दिशा बदललेली असू शकते, म्हणून सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही झोतांची उंची ताडून पाहावी. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी खारट हवेमुळे गंजणाऱ्या बल्बच्या जोडण्याही याच वेळी तपासून घ्याव्यात. ही सारी पाहणी मे महिन्यात, हवा तुलनेने कोरडी असताना केली, तर वाळवण्याचा अर्धा त्रास वाचतो आणि पहिल्या पावसातल्या रात्रीच्या प्रवासाला दिवे तयार असतात.