घर एकाचें, डागडुजी कोणाची?

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु बांधलेलें घर राखून पाहावें, असें सांगणारी म्हण ऐकिवांत नाहीं. घर बांधणाऱ्याचें नांव होतें, वास्तुशांतीला पंगती उठतात. पुढें वर्षानुवर्षें गळती बुजविणाऱ्यास ना मान, ना पान. डागडुजी हा विषयच असा रुक्ष आहे कीं, इतिहास लिहिणाराची नजर सहसा त्याकडे वळत नाहीं. तथापि घरधनी आणि बिऱ्हाडकरू यांच्यामधील जी तेढ आपल्या शहरांतून तीन-चार पिढ्या चालत आली आहे, तिचें मूळ शोधूं गेल्यास तें भाड्याच्या आंकड्यापेक्षां डागडुजीच्या हिशेबांत अधिक खोल रुतलेलें आढळतें. तो हिशेब केव्हां व कसा बिघडला, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मराठवाड्यांतील जुन्या घराकडे पाहूं. जालना व त्याच्या भोंवतालच्या गांवांत पूर्वीं माळवदाचीं घरें सर्रास असत. जाड मातीच्या भिंती, वर लांकडी तुळया, तुळयांवर फळ्यांचा वा काटक्यांचा थर, आणि त्यावर माती, अशी त्यांची रचना. उन्हाळ्यांत असें घर गार राहतें. पण दर वर्षीं मृगापूर्वीं वरच्या भेगा बुजवून पांढऱ्या मातीचा नवा हात द्यावा लागतो, पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात, उगवलेलें गवत उपटावें लागतें. एक-दोन वर्षें हयगय झाली कीं पाणी आंत मुरतें, आणि जेथें चार टोपल्या मातीनें भागलें असतें तेथें नवी तुळई घालण्याची पाळी येते. माळवदाचा हा धडा कोणत्याहि घरास लागू आहे. डागडुजी टाळल्यानें खर्च वांचत नाहीं. तो व्याजासह पुढें ढकलला जातो.

जोंवर घरधनी पुढच्या ओसरीवर आणि बिऱ्हाडकरू मागच्या खोल्यांत, असे दोघे एकाच माळवदाखालीं राहत, तोंवर या खर्चाचा वाद फार चिघळत नसे. कारण गळती दोघांच्याहि अंथरुणावर होई. घरधनी दुसऱ्या पेठेंत वा दुसऱ्या शहरांत राहावयास गेला म्हणजे गोष्ट पालटते. भाडें एकाच्या खिशांत जातें आणि पाणी दुसऱ्याच्या डोक्यावर पडतें. हा वियोग महाराष्ट्रांत सर्वांत मोठ्या प्रमाणावर घडला तो मुंबईस. म्हणून या वादाचा इतिहासहि मुख्यतः मुंबईचाच आहे. मात्र त्याचे धागे जालन्यासारख्या दूरच्या गांवांपर्यंत कसे पोंचले होते, हें पुढें दिसेल.

१८९६ सालीं मुंबईस प्लेग आला आणि गिरणगांवांतील कोंदट चाळींकडे सरकारचें लक्ष गेलें. १८९८ मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें पहिल्या महायुद्धांत बांधकाम थंडावलें, वस्ती मात्र वाढत राहिली, व भाडीं चढलीं. विलायतेंतहि तोच प्रकार होता. ग्लासगो शहरांतील भाडेकऱ्यांनीं भाडें देण्याचें नाकारल्यावर १९१५ सालीं पार्लमेंटनें भाड्यावर मर्यादा घातली. मुंबईंत १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. युद्धकाळापुरती तात्पुरती तजवीज म्हणून तो केला होता. पण तात्पुरत्या कायद्यांना आपल्याकडे दीर्घायुष्याचें वरदान असतें, याचा प्रत्यय पुढें यावयाचा होता.

भाड्यास नुसता लगाम घालून घरें वाढत नाहींत, हें ओळखून गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत १९२० सालीं ‘बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ निघालें. या खात्यानें बांधलेल्या चाळी आजहि बी. डी. डी. चाळी म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्यासाठीं पैसा उभा करण्याकरितां मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागें एक रुपया कर बसविण्यांत आला. १९०० सालीं मनमाडहून निजामच्या राज्यांत जाणारी रेल्वे सुरू झाल्यापासून जालन्याचा कापूस मुंबईच्या वाटेला लागलेला होता. तेव्हां वरळीच्या चाळींच्या भिंतींत मराठवाड्याच्या शेतकऱ्याचा रुपयाहि थोडाबहुत मिसळला आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. एकाच्या घराचा भार दुसऱ्यानें, तोहि नकळत, उचलावयाचा, ही तऱ्हा तेव्हांपासूनची आहे.

वरळी येथें १२१, नायगांवास ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीस १२, अशा एकंदर २०७ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारत तीन मजली, तींत ८० खोल्या, आणि एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. आरंभीं भाडें अधिक व सोयी अपुऱ्या म्हणून वरळीच्या अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. १९३० नंतरच्या सत्याग्रहांत तेथें कैद्यांना ठेवण्यांत आलें. पुढें वस्ती भरली, आणि सरकार कायमचें घरधनी होऊन बसलें. घरधन्याच्या कटकटीहि मग त्याच्या वांट्यास आल्या. भाडें नाममात्र, दुरुस्ती सरकारी खात्याची, आणि तिची वाट पाहणें भाडेकऱ्याचें, असा तो संसार अनेक दशकें चालला.

खाजगी चाळींतील कथा याहून कडवट झाली. दुसरें महायुद्ध सुरू होतांच १९३९ सालीं भाडेनियंत्रण पुन्हा आलें, आणि १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच प्रमाण धरलें. एखाद्या खोलीचें भाडें त्या दिवशीं दहा रुपये असलें, तर तें थोड्याफार फरकानें दहाच्याच आसपास राहावयाचें. त्या दहा रुपयांत १९४० सालीं मालकाचा नफा होता, नगरपालिकेचा कर होता, आणि गिलाव्याचा व कौलांचा खर्चहि होता. पुढील काळांत सिमेंट, लांकूड व गवंड्याची मजुरी कितीतरी पटींनीं चढली. भाड्यांतील इतर भाग आक्रसले. डागडुजीचा भाग तर नाहींसाच झाला. कायद्यानें मालकाच्या माथीं दुरुस्तीचें कर्तव्य कायम ठेवलें, पण तें पार पाडण्याचें साधन गोठवून टाकलें.

येथून दोन्ही पक्षांच्या वह्या निराळ्या झाल्या. घरधन्याच्या वहींत लिहिलें गेलें कीं, ‘हा मनुष्य माझ्या घरांत फुकटासारखा राहतो, त्याचें छप्पर मी काय म्हणून शाकारूं?’ भाडेकऱ्याच्या वहींत लिहिलें गेलें कीं, ‘मीं शिरतांना पागडी मोजली, आंतील फरशी व मोरी स्वखर्चानें नीट केली, मालक मात्र घर पडण्याची वाट पाहतो, कारण घर पडलें तरच जमीन मोकळी होते.’ दोन्ही नोंदी बहुधा खऱ्या होत्या. मालक सारेच श्रीमंत नव्हते. कित्येकांचा चरितार्थ त्या तुटपुंज्या भाड्यावर चाले. भाडेकरीहि सारे गरीब नव्हते. परंतु प्रत्येकानें दुसऱ्याच्या वहींतील जमा तेवढी पाहिली आणि स्वतःच्या वहींतील खर्च तेवढा मांडला. छपराची वही कोणीच ठेविली नाहीं.

परिणाम व्हावयाचा तो झाला. पावसाळ्यांत जुन्या इमारती कोसळूं लागल्या, माणसें दगावूं लागलीं. तेव्हां १९६९ सालीं सरकारनें इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापण्याचा कायदा केला. मुंबई बेटावरील जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवावयाचा, त्यांत सरकारी रकमेची भर घालावयाची, आणि त्यांतून मंडळानें दुरुस्ती करावयाची, अशी योजना होती. अशा १९,६४२ इमारती मोजण्यांत आल्या. त्यांपैकीं १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या होत्या. भाडें गोठल्याचा दिवस व इमारतींच्या वर्गवारीची सीमारेषा एकच असावी, हा केवळ योगायोग नव्हे. उपकराचा मोठा भाग मालकानें भाडेकऱ्याकडून वसूल करावा, अशी मुभा होती. दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागें मर्यादा होती. त्यापलीकडचा भार भाडेकऱ्यांनीं सोसावा, असा नियम होता.

या योजनेनें पुष्कळ जीव वांचविले, हें निःसंशय. पण तिनें तेढ मिटविण्याऐवजीं तिला तिसरा पक्ष मिळवून दिला. भाडेकरी म्हणूं लागला, ‘मी उपकर भरतों, तरी टेकू लावण्यापलीकडे कांहीं होत नाहीं.’ मालक म्हणूं लागला, ‘माझ्या घराला हात लावणारे हे कोण?’ आणि सहकारी संस्थेंत कर्ज काढून घर घेतलेला मध्यमवर्गीय गृहस्थ म्हणूं लागला, ‘माझ्या जिन्याची दुरुस्ती मींच करावयाची, आणि माझ्या कराच्या पैशांतून दुसऱ्याचाहि जिना व्हावयाचा!’ या गृहस्थाच्या संस्थेला आदर्श उपविधींप्रमाणें बांधकाम-खर्चाच्या पाऊण टक्का दर वर्षीं दुरुस्ती-निधींत आणि पाव टक्का सिंकिंग फंडांत टाकावा लागतो. बी. डी. डी. चाळींच्या जागीं नवे मनोरे उठले, व २०२५ सालीं वरळीस पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांचीं घरें विनामूल्य मिळालीं, तेव्हां हाच सूर पुन्हा उमटला. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढणाऱ्यांचें दुःख त्या सुरांत ऐकूं येत नाहीं. पण सूर अगदींच निराधार आहे, असेंहि नव्हे.

यावर एक तोड म्हणून भाडेकऱ्यासच मालक करावा, हा विचार पुढें आला. १९८६ सालीं कायद्यांत असें प्रकरण घालण्यांत आलें कीं, उपकरप्राप्त इमारतींतील सत्तर टक्के रहिवाशांनीं सहकारी संस्था काढून मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला मालकास देऊन इमारत संपादन करतां यावी. गोठलेल्या भाड्याची शंभरपट ती किती! मालकांची संघटना १९९२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत गेली. दरम्यान १९९७ सालीं त्याच न्यायालयानें दुसऱ्या एका खटल्यांत, १९४० च्या भाड्यास चिकटून राहणें आतां अन्यायाचें झालें आहे, असें स्पष्ट म्हटलें. मालकांच्या खटल्यांतील घटनाविषयक प्रश्नाचें उत्तर नऊ न्यायाधीशांच्या पीठानें ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं दिलें: प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ति मानतां येत नाहीं. बत्तीस वर्षें तत्त्वाचा निर्णय होण्यांत गेलीं. तितके पावसाळे मात्र छपरांनीं सोसले.

शिवाय भाडेकरी मालक झाला म्हणजे रोष संपतो, हीहि समजूत पुरी खरी नाहीं. इंग्लंडांत १९८० च्या कायद्यानें नगरपालिकांच्या भाडेकऱ्यांना राहतें घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. पुढें त्याच इमारतीचें छप्पर बदलावयाची वेळ आली, तेव्हां घर विकत घेतलेल्यांस हजारों पौंडांचीं बिलें आलीं. शेजारचा भाडेकरी आपलें नेहमींचें भाडें तेवढें भरत राहिला. काल एका रांगेंत उभे असलेले शेजारी आज एकमेकांकडे वांकड्या नजरेनें पाहूं लागले. माणसें तींच होतीं, छप्परहि तेंच होतें. बिल कोणाच्या नांवें निघतें, एवढाच बदल झाला होता.

आतां पुन्हा जालन्याकडे वळूं. १९४८ पर्यंत निजामच्या राज्यांत, १९५६ पासून मुंबई राज्यांत व १९६० पासून महाराष्ट्रांत असलेल्या या गांवीं भाड्याचा कायदा बराच काळ हैद्राबादचा, म्हणजे १९५४ सालचा, होता. जालना जिल्हा १९८१ सालीं निराळा झाला तरी तो कायदा सुटला नाहीं. ३१ मार्च २००० पासून साऱ्या महाराष्ट्रास एकच भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. त्याप्रमाणें दुरुस्ती मालकानें करावयाची आहे. नोटीस देऊनहि त्यानें न केल्यास भाडेकऱ्यानें करावी व खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र एका वर्षांत वळती रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षां अधिक असूं नये. नियम दिसण्यांत न्याय्य आहे. पण एखाद्या जुन्या भाडेकऱ्याचें भाडें महिना पन्नास रुपये असेल, तर चौथा हिस्सा वर्षास दीडशें रुपये होतो, आणि तेवढ्यांत आज गवंड्याची एका दिवसाची मजुरीहि भागत नाहीं. मुंबईचें दुरुस्ती-मंडळ वा उपकर येथें नाहीं. सरकारी भर तर नाहींच. खेड्यांतील गरिबास घरकुलासाठीं सपाटीच्या प्रदेशांत १,२०,००० रुपयांचें साह्य मिळतें, तेंहि बांधण्यापुरतें. पुढील गळती त्याची त्यानें पाहावयाची. मुंबईंतील उपकरप्राप्त चाळीचा जिना सरकारी भर घालून दुरुस्त होतो, हें कळल्यावर त्याच्या मनांत काय यावें, हें सांगावयास नकोच.

या शंभर वर्षांच्या हकिकतींतून एक गोष्ट निर्विवाद दिसते. प्रत्येक कायद्यानें एका पक्षाचा भार हलका केला, पण तो कोणाच्या खांद्यावर ठेविला हें उघडपणें सांगितलें नाहीं. १९४७ नें तो घरधन्यावर टाकला व त्याला न्याय म्हटलें. १९६९ नें तो अर्धवट सर्वांवर टाकला व त्याला उपकर म्हटलें. १९८६ नें तो पुन्हा घरधन्यावर टाकूं पाहिला. गरीब भाडेकऱ्यास आश्रय देणें हें समाजाचें कर्तव्य आहे, याविषयीं वाद नसावा. परंतु तें समाजाचें कर्तव्य असेल तर त्याचा खर्च समाजानें आपल्या तिजोरींतून, आंकडा जाहीर करून द्यावा, आणि भाड्यांत छपराचा जो वांटा असतो तो पावतीवर निराळा दाखवून निराळाच साठवावा. त्याला मालकानें हात लावूं नये आणि भाडेकऱ्यानें तो चुकवूं नये. असें झाल्यास घरधनी व बिऱ्हाडकरू यांच्यांत प्रेम उत्पन्न होईल, असा दावा नाहीं. मात्र दोघांना एकच वही वाचावयास मिळेल, आणि मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वीं माळवदावर कोणीं चढावयाचें हें तरी ठरलेलें असेल.