स्वभाव, सिगारेट आणि १२१ पट

'कॅन्सरप्रवण' स्वभावाचा माणूस कॅन्सरने दगावण्याचा धोका निरोगी स्वभावाच्या माणसापेक्षा किती जास्त? हान्स आयसेंक आणि रोनाल्ड ग्रोसार्थ-मातिचेक यांच्या पेपरांतले आकडे मांडले, तर उत्तर येतं १२१ पट. सर्व्हरच्या नोंदींत असा आकडा दिसला तर आम्ही आधी नोंद घेणारा कोड तपासतो. १९८०च्या दशकात तो मानसशास्त्राच्या नियतकालिकांतून छापला गेला आणि पुढची तीसेक वर्षं तिथेच राहिला.

आयसेंक कुणी भोंदू नव्हता, हे आधी सांगायला हवं. १९१६ साली बर्लिनमध्ये जन्मलेला हा माणूस हिटलर सत्तेवर आल्यावर १९३४मध्ये जर्मनी सोडून बाहेर पडला आणि पुढे लंडनला आला. दुसऱ्या महायुद्धात मिल हिल इथल्या तात्पुरत्या मनोरुग्णालयात त्याच्या हाती मोठा खजिना लागला: मानसिक त्रासामुळे दाखल झालेल्या ७०० सैनिकांच्या नोंदी. कोणती लक्षणं कोणत्या लक्षणांसोबत येतात, याचं गणित त्याने फॅक्टर ॲनालिसिसने मांडलं. त्यातून दोन अक्ष निघाले. एक अंतर्मुख-बहिर्मुख. दुसरा न्यूरॉटिसिझम, म्हणजे चटकन काळजी, चीड, अपराधी भावना वाटण्याचा कल. 'भित्रा', 'तापट', 'हळवा' अशी विशेषणं लावायची ती गोष्ट आता फूटपट्टीवर मोजता येऊ लागली. १९४७च्या 'डायमेन्शन्स ऑफ पर्सनॅलिटी' या पुस्तकात ही मांडणी आहे आणि आजचं व्यक्तिमत्त्वाचं मानसशास्त्र बऱ्याच अंशी तिच्यावर उभं आहे.

इकडे १९५०मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला. सिगारेट कंपन्यांना तिसरा कुणीतरी आरोपी हवा होता. तो पुरवायला पहिला पुढे आला, तो चक्क रोनाल्ड फिशर. आधुनिक संख्याशास्त्राचा हा जनक स्वतः पाइप ओढायचा आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचा सल्लागारही होता. त्याचं म्हणणं असं, की ज्या आनुवंशिक घडणीमुळे माणूस सिगारेटकडे वळतो, तीच घडण त्याला कॅन्सरही देत असेल. तर्क म्हणून यात चूक काही नाही. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे आपण सगळेच घोकतो.

आयसेंकने या रिकाम्या जागेत स्वभाव बसवला. ग्लासगोचे छातीविकारतज्ज्ञ डेव्हिड किसेन यांच्यासोबतचा त्याचा पेपर १९६२चा. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पुरुष रुग्णांचा न्यूरॉटिसिझमचा गुणांक इतर रुग्णांपेक्षा कमी भरतो, असं त्यात होतं. म्हणजे काळजी करणारे नव्हे, तर भावना बाहेर पडू न देणारे कॅन्सरला बळी पडतात, असा अर्थ लावला गेला. १९६५मध्ये धूम्रपान, आरोग्य आणि व्यक्तिमत्त्व यांवर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं. अमेरिकी तंबाखू कंपन्यांच्या निधीतून त्याच्या कामाला ८ लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाल्याची बातमी ब्रिटिश वृत्तपत्रात आली ती १९९६ साली, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी.

मग आला ग्रोसार्थ-मातिचेक. युगोस्लाव्हियातल्या त्सर्वेन्का नावाच्या गावात त्याने १९६५च्या सुमारास तेराशेहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या, त्यांचे स्वभावाचे प्रकार पाडले आणि पुढे कोण कशाने मेलं ते पाहिलं. नंतर हायडलबर्गमध्ये तसंच काम केलं. आयसेंकने हा डेटा इंग्रजी जगासमोर आणला. त्यातला एक प्रयोग तर कहर आहे. धोक्याच्या स्वभावाच्या ६०० लोकांना एक पत्रक वाचायला दिलं: परावलंबी राहू नका, स्वतःचे निर्णय स्वतः घ्या, अशा धर्तीचं. १३ वर्षांनी त्यांच्यातले ३२ टक्के वारले होते. पत्रक न मिळालेल्यांतले ८२ टक्के. कागदाच्या एका चिटोऱ्याने एवढे जीव वाचत असतील, तर औषध कंपन्या कशाला हव्यात?

स्कॉटलंडचे मनोविकारतज्ज्ञ अँथनी पेलोसी यांनी लुई ॲपलबी यांच्यासह १९९२मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा सगळा मामला शंकास्पद असल्याचं लिहिलं होतं. कुणी हललं नाही. २०१९मध्ये पेलोसींनी पुन्हा लिहिलं आणि 'जर्नल ऑफ हेल्थ सायकॉलॉजी'चे संपादक डेव्हिड मार्क्स यांनी तो विषय लावून धरला. तेव्हा कुठे किंग्ज कॉलेज लंडनने चौकशी केली आणि या जोडीचे २६ पेपर 'असुरक्षित' ठरवले. नंतर डझनाहून अधिक पेपर मागे घेतले गेले.

पैशाची गोष्ट चवीने सांगितली जाते, पण मला ती दुय्यम वाटते. खरं नुकसान रुग्णांचं झालं. स्तनाच्या कॅन्सरशी झगडलेल्या सुझन सोन्टॅगने १९७८च्या पुस्तकात नेमकं हेच म्हटलं होतं: दबलेल्या भावनांमुळे कॅन्सर होतो, ही कल्पना आजाऱ्याच्याच डोक्यावर आजाराचा दोष ठेवते. आपल्याकडे 'फार मनाला लावून घ्यायच्या हो' हे वाक्य भेटायला आलेली माणसं खाटेशेजारी सहज बोलतात. बोलणाऱ्याला ती सहानुभूती वाटते. खाटेवरची बाई मात्र आयुष्यभर गप्प राहिल्याचा हिशेब मांडत बसते.

स्वभावाचा तब्येतीशी संबंधच नाही, असं मात्र नाही. १९२१मध्ये लुईस टर्मनने कॅलिफोर्नियातल्या सुमारे दीड हजार हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला. हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये दाखवलं, की त्यांतली लहानपणी शिस्तीची, जबाबदार असलेली मुलं सरासरीने जास्त जगली. पण इथे शेकडो पटींची भाषा नाही. शिवाय त्यातला काही भाग तरी रोजच्या सवयींतून येतो: कोण किती पितं, कोण सिगारेट ओढतं. स्वभाव बहुधा असाच, वागण्याच्या वाटेने शरीरात शिरतो. म्हणजे सिगारेटला निर्दोष ठरवण्यासाठी पुढे केलेला साक्षीदार उलट तिच्याकडेच बोट दाखवतो.

आणि न्यूरॉटिसिझम? २०१७मध्ये कॅथरीन गेल आणि सहकाऱ्यांनी 'यूके बायोबँक'मधल्या ३,२१,४५६ लोकांचा डेटा तपासला. सव्वासहा वर्षांत त्यांतले ४,४९७ वारले. लोक स्वतःची तब्येत कशी समजतात हे हिशेबात धरल्यावर, जास्त न्यूरॉटिसिझम असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण किंचित कमी निघालं, विशेषतः स्वतःची तब्येत जेमतेम किंवा वाईट समजणाऱ्यांत. काळजी करण्याचा पैलू वेगळा काढला, तर तब्येत चांगली समजणाऱ्यांतही तेच दिसलं. फरक छोटा आहे आणि त्याचं कारण अजून पुरतं उलगडलेलं नाही. तो ज्या फूटपट्टीने मोजला, ती हो-नाही उत्तरांच्या बारा प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. ती आयसेंकचीच.