निवाऱ्यातली खेळाची खोली

बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात ठरलेल्या वारी जाऊन मुलांशी खेळायचे, आई-मुलांना एकत्र बसवून उपक्रम घ्यायचे, ही स्वयंसेवेची रीत अमेरिकेत १९८० च्या दशकात रुजली. तिचे मूळ मात्र शंभर वर्षे मागे शिकागोत सापडते. जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ च्या सप्टेंबरात तिथल्या स्थलांतरितांच्या दाटीच्या वस्तीत हल हाउस उघडले. सुशिक्षितांनी गरिबांच्या शेजारी राहायला जावे, हा विचार अ‍ॅडम्स यांनी लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये पाहिला होता. हल हाउस उघडल्यावर थोड्याच दिवसांत दिवाणखान्यात बालवाडी भरू लागली आणि ती चालवणारी तरुणी पगार घेत नव्हती. १९२० च्या दशकात नेव्हा बॉइड यांनी याच घरात खेळ घेणाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग चालवला. मुलांचे खेळ घेणे हे शिकून करायचे काम आहे, ही समज तिथे पक्की झाली आणि पुढच्या सगळ्या प्रयत्नांना ती उपयोगी पडली.

या परंपरेची एक फांदी मुंबईतही पोचली. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहुड हाउस उभे केले. याच कामातून प्रशिक्षित समाजसेवकांची गरज पुढे आली. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, त्याचे पहिले संचालक मॅनशार्टच होते. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

हल हाउसमध्ये येणारी मुले गरीब होती, पण संध्याकाळी परतायला त्यांना घर होते. संपूर्ण कुटुंबच रस्त्यावर आल्याचे दृश्य महामंदीनंतर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर दिसले ते १९८० नंतर. स्वस्त भाड्याच्या खोल्या पाडल्या गेल्या होत्या, गरिबांच्या घरांसाठीचा केंद्राचा पैसा आटला होता आणि मंदीत रोजगार गेले होते. न्यूयॉर्कमध्ये १९८१ च्या न्यायालयीन तडजोडीने एकट्या बेघर पुरुषांना निवाऱ्याचा हक्क मिळाला. कुटुंबांसाठी वेगळा दावा १९८३ मध्ये दाखल झाला आणि त्यांनाही निवारा दिलाच पाहिजे, असा आदेश १९८६ मध्ये निघाला. मॅसॅच्युसेट्स राज्याने कुटुंबांना निवारा देणारा कायदा १९८३ मध्येच केला होता.

हक्क मिळाला, पण जागा कुठे होती? न्यूयॉर्क शहराने कुटुंबांना जुन्या हॉटेलांत ठेवले. त्यांत सर्वांत बदनाम झाले ते हेरल्ड स्क्वेअरजवळचे मार्टिनीक. सुमारे ४०० कुटुंबे तिथे राहत होती. एका कुटुंबाला बहुधा एकच खोली मिळे आणि स्वयंपाकघर नसे. आया चोरून विजेच्या शेगडीवर काहीबाही शिजवत आणि तपासणीच्या वेळी ती लपवत. चार-दोन रात्रींसाठी आलेली माणसे महिनोन्‌महिने अडकून पडत. मुलांना खेळायला जिने आणि अंधारे बोळ एवढेच होते, आणि तिथे नशेचा व्यापार चाले. या खोल्यांसाठी शहर जे भाडे मोजत होते, त्यात साधेसे घर सहज आले असते. लेखक जोनाथन कोझोल यांनी १९८८ मध्ये या हॉटेलावर लिहिलेले ‘रेचल अँड हर चिल्ड्रेन’ हे पुस्तक गाजले आणि बेघर म्हणजे दारुडा एकटा पुरुष, ही लोकांच्या मनातली प्रतिमा त्याने हलवली.

बोस्टनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ एलेन बासक यांनी याच सुमारास निवाऱ्यांतल्या मुलांची तपासणी केली. शाळेत जायच्या वयाआधीच्या जवळजवळ निम्म्या मुलांची वाढ कुठल्या ना कुठल्या अंगाने मागे पडलेली आढळली. बोलणे उशिरा, हाताची हालचाल उशिरा, ओळखपाळख नसलेल्यांनाही घट्ट बिलगणे, अशी लक्षणे होती. निवाऱ्याचे व्यवस्थापन खाटा, जेवणे आणि कागदपत्रे मोजत होते. रांगणाऱ्या मुलाला जमीन मोकळी आहे का, हे कुणाच्याच यादीत नव्हते. १९८७ च्या मॅकिनी कायद्याने बेघर मुलांच्या शालेय शिक्षणाची बाजू घेतली, पण तान्ह्या आणि चिमुरड्या मुलांचा दिवस तसाच रिकामा राहिला.

ही उणीव १९८८ मध्ये बोस्टनमध्ये सुरू झालेल्या होरायझन्स या संस्थेने हेरली. तिने निवाऱ्यांतच एकेक खोली मागून घेतली आणि तिथे खेळघरे मांडली. मुलांच्या उंचीची कपाटे, लाकडी ठोकळे, भातुकली, रंग, चित्रांची पुस्तके आणि ऐसपैस सतरंजी असा सरंजाम असे. स्वयंसेवकांना आधी प्रशिक्षण मिळे आणि मग आठवड्यातून ठरलेले दोन तास, निदान सहा महिने यायचेच, असे वचन द्यावे लागे. सणासुदीला खेळणी वाटून जाणाऱ्यांपेक्षा हा वेगळा मार्ग होता, आणि तोच बरोबर होता. ज्या मुलाचे घर, शाळा, मित्र सगळे एका फटक्यात गेले, त्याच्या दृष्टीने दर मंगळवारी तीच ताई त्याच वेळेला दारात दिसणे ही मोठी गोष्ट असते.

कामाचे नियम अनुभवातून घडले. कुटुंब इथे का आले, हे मुलाला विचारायचे नाही. फोटो काढायचे नाहीत. पाळता येणार नाही असे काही कबूल करायचे नाही. पत्त्यांचा बंगला कसा रचायचा हे मुलाला ठरवू द्यायचे, कारण निवाऱ्यात जेवणाच्या वेळेपासून झोपायच्या वेळेपर्यंत दुसरे सगळे इतरांनीच ठरवलेले असते. कुटुंब हलले की मूल निरोप न घेताच जाते आणि कुठे गेले ते कळत नाही. नव्या स्वयंसेवकांना हेच सर्वांत जड जाते. खेळघराच्या दोन तासांत आईला घरासाठी अर्ज भरता येतात, फोन करता येतात किंवा नुसते टेकता येते. मात्र अनेक निवाऱ्यांत मुलांना पालकांच्या नजरेआड ठेवायला बंदी असल्याने पालकांनाही खेळात ओढणारे उपक्रम वाढले.

अशा कामाने घरांचा प्रश्न झाकला जातो, अशी टीकाही झाली. ती पूर्णपणे खोडून काढता येत नाही, कारण खेळघराने कुणाला घर मिळत नाही. पण घरे बांधून होईपर्यंत दोन वर्षांचे मूल दोन वर्षांचे थांबत नाही, हेही तितकेच खरे.

२०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, निवारा म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका हॉटेलात, या रीतीला नवे वळण मिळाले. तिथे मुलांसह राहणारी एक आई गर्ल स्काउट्स या मुलींच्या संस्थेची कर्मचारी होती. तिने निवाऱ्यातल्या मुलींचे पथक सुरू केले, त्याचा क्रमांक ६०००. गणवेश आणि वर्गणीचा खर्च संस्थेने उचलला, शहराने निधी दिला आणि त्याच वर्षी पथक इतर निवाऱ्यांत पसरू लागले. निवाऱ्यात राहणाऱ्या आयांनाच पथकप्रमुख होण्याचे प्रशिक्षण मिळाले. उपक्रम घेणारा बाहेरचा आणि ज्याच्यासाठी तो घ्यायचा तो आतला, ही शंभर वर्षांची वाटणी इथे मोडली. पुढे लॅटिन अमेरिकेतून आलेली निर्वासित कुटुंबे मॅनहॅटनमधल्या हॉटेलांत उतरली, तेव्हा पथकाचे वर्ग स्पॅनिशमध्येही भरू लागले आणि मुलींना पहिल्याच काही धड्यांत शहराच्या भुयारी रेल्वेने प्रवास करायला शिकवले गेले.