बीडीएस प्रवेश: विद्यार्थी आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

दातांची तपासणी संपते, खुर्ची खाली येते आणि सोबत आलेले आई-बाबा विचारतात, "डॉक्टर, मुलीला एमबीबीएस मिळेलसं वाटत नाही. बीडीएसला घालू का?" नीटचा निकाल लागला की हा प्रश्न दंतवैद्यांना वारंवार ऐकावा लागतो. निर्णय घ्यायला मात्र घरच्यांकडे अनेकदा दोन-तीन दिवसच असतात. म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. प्रवेशाचे नियम प्रामुख्याने महाराष्ट्राचे आहेत. तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रक वाचणे आवश्यक आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• बीडीएसला प्रवेश फक्त नीट-यूजी परीक्षेतून मिळतो. दुसरी वाट नाही.
• बीडीएस करून पुढे एमबीबीएसकडे वळता येत नाही. त्यासाठी पुन्हा नीट द्यावी लागते.
• जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रांची तयारी बारावीच्या वर्षातच सुरू करा.
• महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा तिथली ओपीडी पाहा.

बीडीएस म्हणजे नेमके काय?

बॅचलर ऑफ डेंटल सर्जरी हा दंतवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम आहे. चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप, असा एकूण पाच वर्षांचा काळ लागतो. पहिल्या दोन वर्षांत शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे वैद्यकीय विषय असतात. त्याच काळात हातांचे कामही सुरू होते. मेणाच्या ठोकळ्यातून दाताचा हुबेहूब आकार कोरणे हा पहिल्या वर्षाचा ठरलेला सराव आहे. तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी रुग्ण पाहू लागतात. दात काढणे, सिमेंट भरणे, कवळी बसवणे, हिरड्यांची साफसफाई ही कामे ते शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात.

महाराष्ट्रातील शासकीय आणि खासगी दंत महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. अभिमत विद्यापीठे आपली पदवी स्वतः देतात. पदवी आणि इंटर्नशिप झाल्यावर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही.

पात्रता काय लागते?

• बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हे विषय हवेत.
• तीन विज्ञान विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात. खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांसाठी ही अट ४५ टक्के आहे.
• प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कमाल वयोमर्यादा नाही. परीक्षा किती वेळा द्यावी यावरही बंधन नाही.

नीटमध्ये पात्र ठरण्यासाठी खुल्या आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गाला ५० वे पर्सेंटाइल आणि राखीव प्रवर्गाला ४० वे पर्सेंटाइल लागते. इथे अनेक घरांत गोंधळ होतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ५० वे पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे असणे. शिवाय पात्र ठरणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. जागा गुणवत्ता क्रमांकावर मिळते.

नीट परीक्षा कशी असते?

२०२५ पासून परीक्षेत १८० प्रश्न असतात आणि ते सगळे अनिवार्य आहेत. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न येतात. एकूण गुण ७२०. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांनी हा पर्याय विचारपूर्वक घ्यावा. सराव ज्या भाषेत केला असेल, तीच भाषा परीक्षेत सोपी जाते.

अर्ज कुठे करायचा?

नीटचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नाही. निकालानंतर प्रवेशासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती पुढील ठिकाणी होते.

१. मेडिकल कौन्सिलिंग कमिटी: देशभरातील शासकीय दंत महाविद्यालयांतील १५ टक्के जागा आणि अभिमत विद्यापीठांतील सर्व जागा. अभिमत विद्यापीठांचे शुल्क आणि नोंदणीची अनामत रक्कम बरीच जास्त असते.

२. महाराष्ट्राचा राज्य सीईटी कक्ष: राज्यातील शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा, तसेच खासगी महाविद्यालयांच्या जागा. शासकीय महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही याच प्रक्रियेत येते.

३. गोव्यातील विद्यार्थी: बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयातील राज्याच्या जागांसाठी गोव्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे अर्ज करावा लागतो.

महाराष्ट्राच्या कोट्यासाठी साधारणपणे अधिवास प्रमाणपत्र लागते आणि दहावी-बारावी दोन्ही राज्यातूनच झालेली असावी लागते. केंद्र आणि राज्य शासनाच्या बदली झालेल्या कर्मचाऱ्यांची मुले, तसेच सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थी यांच्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत. बाहेरच्या राज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही अट दहावीनंतर लगेच तपासावी. बारावी झाल्यावर ती दुरुस्त करता येत नाही.

कोणती कागदपत्रे आधी काढून ठेवावीत?

गुण चांगले असूनही कागदाअभावी राखीव जागा हातची जाते, हे दरवर्षी घडते. पुढील यादी बारावीच्या दिवाळीपूर्वी तपासा.

• दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
• अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
• जातीचे प्रमाणपत्र आणि जात पडताळणी प्रमाणपत्र
• लागू असल्यास नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. मुदत संपलेले चालत नाही.
• उत्पन्नाचा दाखला
• वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र

सर्वांत जास्त वेळ जात पडताळणीला लागतो. वडील, आजोबा किंवा आत्या-काकांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात आणि त्या बहुधा गावी असतात. दिव्यांग विद्यार्थ्यांना ठरवून दिलेल्या केंद्राचेच प्रमाणपत्र चालते. मुंबईतील हाजी अली इथली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था हे त्यांपैकी एक आहे. महाविद्यालयात मूळ कागदपत्रे जमा करण्यापूर्वी सगळ्यांच्या प्रती स्कॅन करून ठेवा.

खर्च किती येतो? सवलत मिळते का?

शासकीय महाविद्यालयाचे शुल्क खासगीच्या तुलनेत खूपच कमी असते. खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण दरवर्षी ठरवते आणि ते जाहीर असते. खासगी महाविद्यालयांतील १५ टक्के संस्थात्मक कोट्याचे शुल्क कित्येक पट जास्त असते आणि त्या जागांना शासकीय सवलती लागू होत नाहीत.

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली तर प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार सवलत मिळते. त्यासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

शुल्काच्या आकड्यात न दिसणारा खर्चही धरा. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला बरीच उपकरणे आणि साहित्य स्वतः विकत घ्यावे लागते. वसतिगृह आणि खानावळ वेगळी. पाचही वर्षांचा हिशेब एकदा कागदावर मांडा आणि मगच पसंतीक्रम भरा.

महाविद्यालय कसे निवडावे?

आधी महाविद्यालय मान्यताप्राप्त आहे का आणि त्या वर्षीच्या अधिकृत जागांच्या तक्त्यात त्याचे नाव आहे का, ते तपासा. त्यानंतरचा सर्वांत उपयोगी निकष म्हणजे रुग्णसंख्या. दंतवैद्यक हे हातांचे काम आहे. विद्यार्थ्याला ठरावीक संख्येने दात काढणे, दात भरणे, कवळ्या करणे पूर्ण करावे लागते. रुग्णच नसतील तर हात तयार होणार कसा?

म्हणून शक्य असेल तर एका कामाच्या दिवशी सकाळी महाविद्यालयाच्या ओपीडीत जाऊन बसा. केसपेपरसाठी रांग आहे का? विद्यार्थ्यांच्या समोरच्या खुर्च्या भरलेल्या आहेत का? शिक्षक खुर्चीजवळ उभे राहून दाखवत आहेत का? दोन तासांत जे दिसेल ते माहितीपत्रकातील फोटोंत दिसणार नाही. इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांशीही बोला.

पसंतीक्रम भरताना खरी इच्छा ज्या क्रमाने आहे, त्याच क्रमाने नावे लिहा. मिळणे अवघड वाटणारे महाविद्यालय वर लिहिल्याने खालची संधी जात नाही. राज्याच्या प्रक्रियेत एमबीबीएस आणि बीडीएस एकाच पसंती अर्जात येतात. पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की आधीची जागा आपोआप रद्द होते. मिळालेल्या जागेवर समाधानी असाल, तर जागा कायम ठेवण्याचा पर्याय मुदतीत भरा. जिथे जायचेच नाही ते नाव यादीत घालू नका. नंतरच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर अनामत रक्कम जप्त होऊ शकते.

एमबीबीएससाठी वर्षभर थांबावे की बीडीएस घ्यावे?

याचे एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही, पण पुढील तीन प्रश्न विचारून पाहा.

पहिला: गुण का कमी पडले? आजारपण, घरातील अडचण, अपुरा सराव असे ठोस कारण असेल आणि ते दूर होणार असेल, तर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. दोन-तीन प्रयत्नांनंतरही गुण तिथेच राहत असतील, तर आणखी एक वर्ष बहुधा तेच उत्तर देईल.

दुसरा: मुलाला दंतवैद्यकाचे काम आवडेल का? तास-तास एका छोट्या जागेत बारीक काम, घाबरलेल्या रुग्णाशी शांतपणे बोलणे, चिकाटी. ओळखीच्या दंतवैद्यांकडे आठवडाभर बसू द्या. परवानगी मागितली तर बरेच जण देतात.

तिसरा: निर्णय कोणाचा आहे? "नातेवाईक काय म्हणतील" यावर घेतलेला निर्णय पाच वर्षे मुलाला निभावावा लागतो. बीडीएस ही हुकलेल्या एमबीबीएसची भरपाई म्हणून घेतलेली मुले पहिल्या वर्षी मनाने मागेच राहतात. दंतवैद्य व्हायचे म्हणून आलेली मुले कमी गुणांवर येऊनही पुढे जातात.

बीडीएस झाल्यावर 'ब्रिज कोर्स' करून एमबीबीएस होता येते असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. असा मार्ग नाही.

चष्मा, डावा हात, रंगांधळेपणा चालतो का?

चष्म्याची अडचण नाही. अनेक दंतवैद्य कामासाठी भिंगे वापरतातच. डावखुरे दंतवैद्यही उत्तम काम करतात. खुर्चीची मांडणी उजव्या हाताला सोयीची असते, एवढेच. रंग ओळखण्यात अडचण असेल तर दाताची छटा जुळवताना सहकाऱ्याची मदत लागते, पण तेवढ्यावरून हे क्षेत्र सोडण्याची गरज नाही. हाताला कायमचा कंप, मानेचा किंवा पाठीचा जुना आजार, त्वचेची तीव्र ॲलर्जी असेल तर प्रवेशापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्या.

प्रवेश झाला की हिपॅटायटिस बी लसीकरणाची नोंद तपासा. लस घेतली नसेल तर ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस लागतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची रक्तचाचणी करावी. रुग्णांवर काम सुरू होण्यापूर्वी हे पूर्ण झालेले असावे.

कोणी 'सीट मिळवून देतो' म्हणाले तर?

पैसे देऊ नका. संस्थात्मक कोट्याच्या जागाही नीटच्या गुणांवर आणि अधिकृत प्रक्रियेतूनच भरल्या जातात. महाराष्ट्रात शुल्काव्यतिरिक्त देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. नीटचा लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नका. दुसऱ्याने भरलेला पसंतीक्रम नंतर बदलता येत नाही. जो शुल्क भरा, तो महाविद्यालयाच्या खात्यात आणि पावती घेऊनच.

बीडीएसनंतर पुढे काय?

स्वतःचा दवाखाना, रुग्णालयात किंवा दुसऱ्या दंतवैद्यांकडे नोकरी, शासकीय सेवा, सार्वजनिक आरोग्य असे मार्ग आहेत. एमडीएस तीन वर्षांचे असून त्यासाठी नीट-एमडीएस द्यावी लागते. परदेशात भारतीय पदवीवर लगेच काम करता येत नाही. अमेरिकेत परीक्षेसोबत बहुधा तिथल्या महाविद्यालयात आणखी दोन-तीन वर्षे शिकावे लागते. शहरांत दवाखाने दाटीने आहेत. पदवीनंतर पहिली काही वर्षे कमाई बेताची असते, हे आधीच माहीत असलेले बरे.

मुलाकडे लक्ष केव्हा द्यावे?

निकालानंतर झोप उडणे, जेवण टाळणे, खोलीतून बाहेर न येणे, "माझा काही उपयोग नाही" असे बोलणे ही लक्षणे दुर्लक्षित करू नका. तुलना थांबवा, सोबत बसा, ऐकून घ्या. जीव देण्याचे विचार बोलून दाखवले तर मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस ही शासनाची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येते. प्रवेशाची फेरी चुकली तर पुढच्या वर्षी पुन्हा येते. आधी मुलाची तब्येत सांभाळा.