अभियांत्रिकीच्या पदवीला ‘मायनर’ची जोड : प्रश्न नवा, इतिहास जुना

#थ्रेड

(१/८) अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुढे आज एक अर्ज येतो : मुख्य शाखेबरोबर ‘मायनर’, म्हणजे दुसऱ्या एखाद्या विषयाचा छोटा अभ्यासक्रम, घेणार का? अर्ज नवा आहे. अभियंत्याने आपल्या शास्त्राबाहेर किती शिकावे, हा प्रश्न मात्र भारतात पावणेदोनशे वर्षे जुना आहे.

(२/८) १८४७ मध्ये रुडकीला महाविद्यालय निघाले, कारण गंगेच्या कालव्यासाठी माणसे हवी होती. १८५४ मध्ये पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले, ते सरकारी बांधकामांना दुय्यम अधिकारी मिळावेत म्हणून. काय शिकवायचे, हे खात्याची गरज ठरवी.

(३/८) पुढे पुण्याची हीच संस्था ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाली. शेती व वनशास्त्राचे वर्गही तेथे भरू लागले. १९११ मध्ये ती पुन्हा केवळ अभियांत्रिकीची झाली. विस्तार आणि संकोच, दोन्ही एकाच संस्थेने अनुभवले.

(४/८) याच संस्थेचे विद्यार्थी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बंगळूरला बी.ए. करून ते पुण्यास आले व १८८३ मध्ये एल.सी.ई. झाले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांचा हा अभियंता पुढे म्हैसूरचा दिवाण झाला आणि १९३४ मध्ये त्याने भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला.

(५/८) १९४५ मध्ये नेमलेल्या सरकार समितीने उच्च तंत्रशिक्षणासाठी अमेरिकेतील एमआयटीचा आदर्श पुढे ठेवला; १९५१ मध्ये खरगपूरची आयआयटी उभी राहिली. दरम्यान खुद्द एमआयटीत लुईस समितीच्या १९४९ च्या अहवालानंतर मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांची स्वतंत्र शाखा स्थापन झाली होती. महायुद्धानंतर केवळ तंत्र जाणणारा अभियंता त्यांना अपुरा वाटू लागला होता.

(६/८) भारतात २०१८ मध्ये एआयसीटीईने आदर्श अभ्यासक्रमात पदवीचे श्रेयांक २२० वरून १६० वर आणले आणि आणखी २० श्रेयांक घेणाऱ्यास मायनर किंवा ऑनर्सची वाट खुली केली. भार हलका करून मोकळा झालेला वेळ कशाला द्यायचा, ही निवड विद्यार्थ्याच्या हाती आली.

(७/८) २० श्रेयांक म्हणजे साधारण पाच-सहा जादा विषय. मुख्य शाखेचे विषय मागे राहिले असतील, तर हा बोजा घेऊ नये. एकाच विषयाचे कुतूहल असेल, तर एक ऐच्छिक विषय पुरतो. प्रयोगशाळा, शिक्षक आणि क्रमवार अभ्यास यांवाचून जे स्वतः शिकता येणार नाही, त्यासाठी मात्र मायनर जरूर घ्यावे.

(८/८) रुडकीत आणि पुण्यात अभ्यासक्रम खात्याच्या गरजेने ठरला. आज खात्याची जागा नोकरीच्या बाजाराने घेतली आहे. केवळ गुणपत्रिकेवर एक ओळ वाढावी म्हणून मायनर घेणारा विद्यार्थी १८५४ च्याच वर्गात बसलेला असतो. अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे : माझ्या शाखेला न सुटणारा कोणता प्रश्न मला सोडवायचा आहे? उत्तर असेल, तर विषय आपोआप ठरेल.